रेणूची ध्रुवीयता आणि एक गाळलेला शब्द

माझी पुतणी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या प्रकल्पाचा विषय सेंद्रिय द्रावकांचे संगणकावरील सदृशीकरण हा आहे. इथेनॉल, ॲसिटोन, क्लोरोफॉर्म अशा द्रवांचे रेणू संगणकात मांडायचे आणि ते एकमेकांशी कसे वागतात ते पाहायचे, असे त्याचे स्वरूप. गेल्या वर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, २८ फेब्रुवारीला, तिला लाटंबार्सेतल्या शाळकरी मुलांसमोर या विषयावर मराठीतून बोलायचे होते. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी असे तिचे शिक्षण झाले आहे. डिचोली-पेडण्यातल्या पुष्कळ मुलांचे असेच होते. तिने चार पाने लिहिली आणि "काका, भाषा तेवढी बघून द्या," म्हणून माझ्यापुढे ठेवली.

मी आयुष्यभर मराठी साहित्य शिकवत आलो. हातात लाल पेन आले की मला आधी पुनरुक्ती दिसते. तिच्या एका वाक्यात होते, "कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचे एकूण द्विध्रुव परिबल शून्य असते." मला ते जड वाटले. मी ते सुटसुटीत केले, "कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत ध्रुवीयता नसते." घाईत तिनेही ते पाहिले नाही.

व्याख्यानात तिने सांगितले की पाण्यासारखे ध्रुवीय द्रव ध्रुवीय पदार्थांना सामावून घेतात, तेलासारख्या अध्रुवीयांना घेत नाहीत. मग माझे वाक्य वाचले. नववीतला एक मुलगा उठला. "ध्रुवीयता नसते, तर सोड्याच्या बाटलीत तो वायू पाण्यात कसा राहतो?" ती क्षणभर थांबली, कागदाकडे पाहिले, मग मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिले. नंतर फळ्याकडे वळून तिने चित्र काढले आणि बरोबर उत्तर दिले. मुलाचा प्रश्न योग्य होता. तिचे मूळ वाक्यही योग्य होते. चूक माझ्या दुरुस्तीत होती.

ही चूक नेमकी काय होती हे समजून घ्यायला मला काही महिने लागले. जे समजले ते इथे मांडतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यातला पहिला भाग ओळखीचा वाटेल, साहित्याच्या विद्यार्थ्यांना शेवटचा. माझी विनंती अशी की दोघांनीही दुसऱ्याचा भाग वगळू नये.

ओढाताण

आधी दोन शब्दांचा खुलासा. मराठीत मूलद्रव्याच्या सर्वांत लहान कणाला अणू म्हणतात आणि अणू जोडले जाऊन बनतो तो रेणू. हिंदीत याच दोन गोष्टींना अनुक्रमे परमाणु आणि अणु म्हणतात. म्हणजे मराठीतला रेणू तो हिंदीतला अणु. हिंदी पुस्तकातून अभ्यास करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

दोन अणू जोडले जातात तेव्हा त्यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक असते. सामाईक असली तरी वाटणी सारखी असतेच असे नाही. हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्या जोडीत क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढतो. त्यामुळे क्लोरीनच्या टोकाला थोडा ऋण विद्युतभार येतो, हायड्रोजनच्या टोकाला तेवढाच धन. रेणू सगळा मिळून उदासीनच राहतो, पण त्याला दोन टोके येतात. अशा रेणूला ध्रुवीय म्हणतात आणि या दोन टोकांच्या जोडीला द्विध्रुव.

ही ध्रुवीयता मोजायची कशी? टोकावरचा विद्युतभार आणि दोन टोकांमधले अंतर यांचा गुणाकार म्हणजे द्विध्रुव परिबल. ते डिबाय या एककात मोजतात. पीटर डिबाय यांनी १९१२ साली ध्रुवीय रेणूंविषयीचा सिद्धांत मांडला आणि १९३६ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका पूर्ण इलेक्ट्रॉनाइतका ऋण भार आणि तेवढाच धन भार मीटरच्या एक हजार कोटीव्या भागाइतक्या अंतरावर ठेवले, तर परिबल सुमारे ४.८ डिबाय भरते. हायड्रोजन क्लोराइडमध्ये अणूंमधले अंतर याच्या सव्वापट आहे. क्लोरीनने इलेक्ट्रॉन पूर्ण हिसकावून घेतला असता, तर परिबल ६ डिबायच्या आसपास आले असते. प्रत्यक्षात ते सुमारे १.०८ आहे. म्हणजे देवाणघेवाण पूर्ण होत नाही. सुमारे अठरा टक्क्यांइतकीच ओढाताण होते.

बेरीज दिशेची

परिबलाला नुसता आकडा नसतो, दिशाही असते. रेणूत दोनपेक्षा अधिक अणू असले की प्रत्येक बंधाची ओढ तिच्या दिशेसह मांडून बेरीज करावी लागते. माझी चूक झाली ती इथे.

कार्बन डायऑक्साइडमध्ये मध्ये कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन असतात, तिन्ही एका सरळ रेषेत. दोन्ही ऑक्सिजन कार्बनपासून इलेक्ट्रॉन ओढतात, सारख्याच जोराने, पण विरुद्ध दिशांना. रस्सीखेचीत दोन्ही गट तोडीस तोड असले की दोर हलत नाही. दोर हलत नाही म्हणून कोणी ओढतच नाही असे आपण म्हणत नाही. कार्बन डायऑक्साइडची बेरीज शून्य आहे, ओढ शून्य नाही. ऑक्सिजनच्या टोकांवर थोडा ऋण भार आणि मधल्या कार्बनवर थोडा धन भार असतोच. पाण्याचे रेणू त्या टोकांना जाऊन भिडतात. शिवाय या वायूचा अल्प भाग पाण्याशी संयोग पावून कार्बॉनिक आम्ल बनतो आणि बाटलीतला दाब वायूला द्रवात कोंबून ठेवतो. नववीतल्या मुलाचे उत्तर असे तीन पदरी होते.

पाण्याचा रेणूही तीन अणूंचाच, पण तो सरळ नाही. त्याच्या दोन बंधांमध्ये सुमारे १०४.५ अंशांचा कोन असतो. त्यामुळे दोन्ही ओढी एकमेकींना पुरत्या खोडत नाहीत आणि १.८५ डिबाय शिल्लक राहतात. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चार क्लोरीन चार दिशांना असे बसलेले असतात की बेरीज शून्य होते. त्यातला एक क्लोरीन काढून तिथे हायड्रोजन बसवला की क्लोरोफॉर्म मिळतो आणि त्याचे परिबल १ डिबायच्या थोडे वर जाते. हेक्झेनची बेरीजही जवळजवळ शून्यच, पण त्याचे कारण वेगळे आहे. तिथे कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातली मूळ ओढच फार कमी असते.

म्हणजे शून्य दोन प्रकारचे. एक, काही नाही म्हणून आलेला. दुसरा, सारखेच दोन विरुद्ध बाजूंना आहे म्हणून आलेला. 'एकूण' हा शब्द हाच फरक सांभाळत होता आणि तोच मी गाळला.

हा प्रश्न शाळेपुरता नाही. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूंच्या स्थिरविद्युत विभवावर दीर्घकाळ काम केले. गद्रे यांना १९९३ साली रसायनशास्त्रातील शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. या अभ्यासात रेणूभोवतीच्या प्रत्येक ठिकाणी विद्युतप्रभाव किती आहे याचा नकाशा काढतात. बेंझीनचे द्विध्रुव परिबल शून्य आहे. नकाशा मात्र कोरा नसतो. कड्याच्या वर आणि खाली ऋण भाग दिसतो, कडेच्या हायड्रोजनांकडे धन. एकच आकडा पाहणाऱ्याला हे दिसणार नाही.

एकटा रेणू आणि घोळक्यातला रेणू

आता पुतणीच्या द्रावकांकडे येऊ. वायुरूपात, म्हणजे एकएकटे असताना, या रेणूंची परिबले अशी: पाणी १.८५, इथेनॉल १.६९, ॲसिटोन २.८८ डिबाय. यावरून ॲसिटोन पाण्याहून अधिक ध्रुवीय आहे असे कोणीही म्हणेल. पण द्रवाची विद्युतभारांना सांभाळण्याची क्षमता दुसऱ्या आकड्याने मोजतात. तो डायइलेक्ट्रिक स्थिरांक. २५ अंश सेल्सिअसला तो पाण्यासाठी सुमारे ७८, इथेनॉलसाठी २४.५ आणि ॲसिटोनसाठी सुमारे २०.७ आहे. क्रम उलटला. पाणी कुठच्या कुठे पुढे गेले.

कारण द्रवात रेणू एकटा नसतो. पाण्याचे रेणू लहान असतात, थोड्या जागेत पुष्कळ मावतात. हायड्रोजन बंधांनी ते शेजाऱ्यांशी असे जोडले जातात की एकाच्या वळण्याबरोबर दुसराही त्याच दिशेने वळू लागतो. ॲसिटोनच्या रेणूंना आपसांत अशी साखळी धरता येत नाही. इथेनॉलला येते, पण त्याच्या पाठीवर कार्बन-हायड्रोजनांचे ओझे असते.

आमच्या गावात मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भाट्या पेटतात. भाणात नीरो उकळतो, वाफ लावणीत थंड होते, आधी हुराक मिळतो आणि आणखी एकदा गाळल्यावर फेणी. भाटीवाला ग्राव लावून तिचा कस पाहतो. फेणी म्हणजे मुख्यतः पाणी आणि इथेनॉल यांचे मिश्रण. ही दोन्ही कोणत्याही प्रमाणात मिसळतात, आणि मिसळताना एक गंमत होते. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल ओतले, तर १०० भरत नाहीत. ९६-९७च्या आसपास भरतात. दोघांचे रेणू एकमेकांशी नव्याने बंध जोडतात आणि अधिक दाटीने बसतात. एकट्याएकट्याचे गुणधर्म कितीही अचूक मोजले, तरी त्यांची बेरीज म्हणजे मिश्रण नव्हे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. घोळक्यात शिरल्यावर रेणूचे स्वतःचे परिबलही बदलते. शेजाऱ्यांच्या विद्युतभारांमुळे त्याचे इलेक्ट्रॉन आणखी सरकतात आणि तो अधिक ध्रुवीय होतो. एकट्या पाण्याच्या रेणूचे १.८५ डिबाय द्रव पाण्यात २.६ ते ३ डिबायच्या घरात जातात असे अंदाज आहेत. १.८५ हा आकडा चुकीचा नाही. तो एकटेपणाचा आकडा आहे.

संगणकातली पेटी

द्रवाचे असे सदृशीकरण करण्याच्या पद्धतीत एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. हैदराबादेत जन्मलेले अनीसुर रहमान यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत द्रवरूप आर्गॉन वायूच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर गणली. आर्गॉनला टोके नसतात, त्यामुळे ते त्या मानाने सोपे होते. १९७१ साली फ्रँक स्टिलिंजर यांच्याबरोबर त्यांनी पाण्याचे २१६ रेणू घेतले. टोके असलेल्या रेणूंचा हिशेब तिथे सुरू झाला.

पद्धत समजायला अवघड नाही. एक काल्पनिक पेटी घ्यायची, तिच्यात काहीशे किंवा काही हजार रेणू ठेवायचे. पेटीला भिंती नसतात. उजवीकडून बाहेर पडलेला रेणू डावीकडून आत येतो, त्यामुळे थोडक्या रेणूंतून अथांग द्रवाचा भास साधतो. प्रत्येक अणूवर इतरांची किती ओढ आहे ते काढायचे, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित पुढे सरकवायचे, आणि पुन्हा तेच. हे पाऊल फारच छोटे असते. सेकंदाचे दहा कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचे असते. सेकंदाचा शंभर कोटीवा भाग पाहायचा, तर अशी पाच लाख पावले टाकावी लागतात.

ओढ काढण्यासाठी प्रत्येक अणूला विद्युतभार नेमून द्यावा लागतो. किती? इथे एकटा रेणू की घोळक्यातला, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. बेरेंडसेन आणि सहकाऱ्यांचे १९८७ चे एसपीसी/ई हे पाण्याचे प्रसिद्ध प्रतिरूप घ्या. त्यात ऑक्सिजनवर उणे ०.८४७६ आणि प्रत्येक हायड्रोजनवर अधिक ०.४२३८ इलेक्ट्रॉनभार ठेवला आहे. त्यातून परिबल येते २.३५ डिबाय. १.८५ नव्हे. कर्त्यांनी मुद्दाम वाढीव आकडा घेतला, कारण त्यांना द्रव पाणी हवे होते. घोळक्यात मिसळताना रेणूला स्वतःचे इलेक्ट्रॉन सरकवायला ऊर्जा खर्चावी लागते. तो खर्चही त्यांनी हिशेबात धरला. सेंद्रिय द्रावकांच्या प्रतिरूपांतही अशीच तडजोड करतात.

तडजोडीची मर्यादा पुतणीला तिच्या कामात भेटली. इथेनॉलचा एक रेणू तिने एकदा पाण्याच्या पेटीत ठेवला आणि एकदा हेक्झेनच्या. नेमून दिलेले भार दोन्हीकडे तेच. खरा रेणू मात्र पाण्यात अधिक ध्रुवीय झाला असता आणि हेक्झेनमध्ये आपल्या एकटेपणाच्या आकड्याजवळ राहिला असता. भार परिस्थितीनुसार बदलू देणारी प्रतिरूपेही आहेत, पण त्यांना संगणकाचा वेळ बराच जास्त लागतो. कोणते घ्यायचे हे प्रश्न काय आहे त्यावर ठरते.

शब्दांचा हिशेब

आता माझ्या शेताकडे वळतो. या विषयाचे मराठी शब्द आपल्याला काय सांगतात आणि काय चुकीचे सुचवतात?

'ध्रुव' म्हटले की मराठी कानाला अढळपद मिळालेला बाळ आठवतो, न हलणारा तारा आठवतो. त्यामुळे ध्रुवीयता ही रेणूची कायमची, पक्की खूण असावी असे विद्यार्थ्याला आपोआप वाटते. वर पाहिले ते नेमके उलट आहे. शब्द बदलावा असे मी म्हणत नाही. तो रुळला आहे आणि चुंबकाच्या दोन ध्रुवांमुळे त्याची 'दोन टोके' ही छटाही ओळखीची आहे. पण शिकवताना हा अढळपणा आधी दूर करायला हवा.

'परिबल' हा शब्द मराठी विश्वकोशाच्या परंपरेतला. त्या परिभाषेत ढकलणाऱ्या किंवा ओढणाऱ्या कारणाला 'प्रेरणा' म्हणत, त्यामुळे 'परिबल' वेगळा ओळखू येई. शालेय पुस्तकांत 'प्रेरणे'च्या जागी 'बल' आले आणि 'परिबल' हा बलाचाच एखादा प्रकार वाटू लागला. तो तसा नाही. हिंदीतला 'आघूर्ण' कानाला परका, पण त्यातल्या 'घूर्ण'मध्ये फिरण्याची कल्पना आहे. विद्युतक्षेत्रात ठेवलेला द्विध्रुव वळू पाहतो, हे तो शब्द अधिक प्रामाणिकपणे सांगतो. मी 'परिबल'च वापरतो, फक्त विद्यार्थ्यांना हा इतिहास सांगून वापरतो. तीच गोष्ट 'द्रावक' आणि 'विद्रावक' यांची. पहिला शाळेत भेटतो, दुसरा कोशात. दोन्हींचा अर्थ एकच आहे हे कोणीतरी एकदा स्पष्ट सांगायला हवे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात आणखी एक ओळख पटेल. शब्दाचा कोशातला अर्थ आणि वाक्यातला अर्थ यांच्यात अंतर पडते, हे आपण अभिधा आणि लक्षणा शिकवताना सांगतो. कोशातला अर्थ खोटा नसतो, तो एकट्या शब्दाचा असतो. मात्र हे साम्य ताणू नये. रेणूचे परिबल मोजता येते आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे ताडून पाहता येतात. अर्थाबाबत आपल्याला ती सोय नाही.

संपादकासाठी तीन गोष्टी

या प्रकरणातून मी स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. विज्ञानाचे मराठी लेखन तपासणाऱ्या भाषाशिक्षकांना ते उपयोगी पडावेत.

पहिला, 'एकूण', 'निव्वळ', 'सरासरी', 'सुमारे', 'प्रत्येकी' हे शब्द लेखकाला विचारल्याशिवाय गाळायचे नाहीत. ललित लेखनात ते अनेकदा भरीचे असतात. इथे सगळा अर्थ त्यांच्यावर उभा असू शकतो.

दुसरा, 'शून्य असणे' आणि 'नसणे' यांना समानार्थी धरायचे नाही.

तिसरा, वाक्य कळले नाही, तर ते सोपे करण्याआधी लेखकाला चित्र काढायला सांगायचे. पुतणीने फळ्यावर काढलेले तीन गोल आणि दोन बाण मी आधी पाहिले असते, तर लाल पेन तिथे चाललेच नसते.

मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्यांना आपण नेहमी सांगतो की भाषा सोपी करा. सल्ला चांगला आहे, पण तो देणाऱ्याने आपल्या बाजूनेही थोडे कष्ट घ्यायला हवेत. नाहीतर पुढच्या वेळी ती मुलगी इंग्रजीत लिहील आणि तिला दोष देता येणार नाही.

यंदा तिने पुन्हा चार पाने लिहिली, मराठीतच. या वेळी मी तिला शेजारी बसवून वाचली. एका परिच्छेदात 'सरासरी' हा शब्द दोनदा आला होता. पहिले वाक्य प्रतिरूपातल्या एका रेणूच्या परिबलाबद्दल होते, दुसरे सगळ्या पेटीच्या एकूण परिबलाच्या वर्गाबद्दल. मी विचारले, "यातला एक काढू का?"

तिने दोन्ही वाक्ये पुन्हा वाचली. "पहिला काढा. त्या रेणूचे भार आणि आकार आपणच ठरवून दिलेत, त्याचे परिबल बदलतच नाही. पेटीचे क्षणाक्षणाला बदलते. त्या बदलाच्या सरासरीवरूनच डायइलेक्ट्रिक स्थिरांक काढतात. दुसरा राहू दे."

मी पहिला काढला.